गिळणं, पापणी, श्वास : ध्वनिमालिकेच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२४

आजपासून काम रीतसर सुरू. पाच भाग, प्रत्येक आठ-दहा मिनिटांचा, नुसता आवाज. व्हॉट्सॲपवरून पुढे ढकलता येईल एवढीच फाइल. विषय एका वाक्यात सांगायचा तर गिळणं, पापणी लवणं, श्वास, तोंडातली जीभ, छातीतले ठोके अशा आपसूक चालणाऱ्या गोष्टींवर लक्ष जाऊन बसतं आणि मग हलतच नाही, तो मंत्रचळ. लेखन मॅडमचं, त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि असे लोक त्यांच्याकडे येत असतात. वाचन ताईंचं, प्रायोगिक नाटकांत मुरलेला आवाज. रेकॉर्डिंग, एडिटिंग आणि चहा माझ्याकडे.

हे काम माझ्याकडे का आलं, तेही इथं असू दे. माझं गिळण्याचं आहे. कॉलेजात असताना एका लेक्चरला आवंढा गिळला आणि तो गिळल्याचं कळलं. पुढचाही कळला, त्याच्या पुढचाही. मग घशात दुर्बीण घालून झाली, काही निघालं नाही. ‘गॅसेस असतील’ इथपासून ‘तुला कामं कमी आहेत’ इथपर्यंत सगळी निदानं ऐकून झाली. योग्य माणसापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. अजूनही कळतं. फरक एवढाच की आता ते कळत असताना जेवतो, गप्पा मारतो, रेकॉर्डिंग करतो. आणि पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर दुसऱ्यांच्या आवाजातले श्वास आणि मचमच कापायचा. घरात यावर पुरेसे विनोद झालेले आहेत.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली. ‘हे जाईल’ असं वचन एकाही भागात द्यायचं नाही.

१४ जून

पहिल्या भागाचा आराखडा आला. मॅडम तपशिलाला पक्क्या आहेत. या प्रकाराचा वेगळा आजार म्हणून कुठल्याही यादीत उल्लेख नाही, तो ओसीडीत, म्हणजे मंत्रचळाच्या आजारातच मोडतो, हे आधी सांगायचं. अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेनं २०१३ साली ओसीडीला चिंताविकारांतून काढून स्वतंत्र प्रकरण दिलं, हे मात्र त्यांनी स्वतःच खोडलं. ऐकणाऱ्याला त्याचं काय करायचंय?

ठेवलेला मजकूर बरा आहे. त्रास गिळण्याचा नसतो. ‘हे आता कायम असंच राहिलं तर? मी परत कधी धड सिनेमाच बघू शकलो नाही तर?’ हा असतो. मग माणूस दिवसभर एकच काम करतो: गेलं का, हे बघतो. बघायला गेला की ते असतंच. कारण बघणं म्हणजेच लक्ष.

ऐकून प्रतिक्रिया द्यायला तिघं तयार झाली आहेत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा एकजण (पापणी), गाणं शिकणारी एक (श्वास) आणि शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, ज्यांना जीभ तोंडात कुठं ठेवायची हे सुचेनासं होतं. नावं नोंदीत लिहायची नाहीत.

२० जून

मी हौसेनं आकडे काढून दिले. पापणी मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा लवते, वाचताना आणि स्क्रीनसमोर त्याहून कमी. एकदा लवायला सेकंदाचा दहावा ते चौथा-तिसरा हिस्सा. तेवढा वेळ डोळ्यापुढं खरं तर अंधार असतो, पण मेंदू तो दाखवत नाही. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते. जागेपणी मिनिटाला एखादा आवंढा, झोपेत फारच कमी. घास किंवा लाळ जिभेनं मागं ढकलेपर्यंत आपल्या हातात. घशात गेली की पुढचं काम मेंदूच्या देठातून चालतं, सेकंदभरात उरकतं आणि तेवढ्यापुरता श्वास थांबतो.

मॅडमना आवडले. ताईंनी वाचून पाहिलं, लयीत बसतात.

२४ जून

सगळे आकडे बाहेर.

अभ्यासिकेतल्या मुलाला मसुदा पाठवला होता. त्याचं उत्तर आलं: ‘दादा, मी मोजले. सत्तावीस आले. जास्त आहेत ना?’ मग आणखी एक मेसेज. आता बावीस, पण मोजताना मुद्दाम कमी केले असतील. मग आणखी एक.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, आपण त्याला मोजपट्टी नेऊन दिली. निरोगी माणसाला आकडा ही माहिती असते. याच्या हातात तो परीक्षेचा कटऑफ होतो. आणि एमपीएससीवाल्याला कटऑफ काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या भागात आता आकडा एकच उरला, भागाचा क्रमांक. बाकीचे या वहीत राहू देत. मला ते आवडतात.

यातून नियम ठरला आणि तो मॅडमच्या शब्दांत लिहून ठेवतो: माहिती एकदा द्यायची. तीच माहिती दुसऱ्यांदा मागितली की ती माहिती राहत नाही, ते कर्मकांड होतं.

१ जुलै

पालख्या शहरात मुक्कामी. रस्ते बंद, ताई येऊ शकत नाहीत. खिडकीतून टाळ-मृदंग. रेकॉर्डिंगचा प्रश्नच नाही, म्हणून दुसऱ्या भागाचं लेखन.

इतिहास थोडक्यात हवा होता. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांची हकिकत छापली. त्यातल्या एका बाईंना घाणीची भीती होती. हात धुवायचाच नाही, म्हणून तिच्या खोलीतल्या नळाचं पाणी बंद केलं गेलं. घाणीला सामोरं जायचं आणि धुणं रोखायचं. तोवर या आजारापुढं बहुतेकांनी हात टेकले होते. आज जगभर पहिला मानसोपचार म्हणून दिला जातो तो याच वाटेवरचा.

आता आमची अडचण. हात धुणाऱ्याचा नळ बंद करता येतो. गिळणाऱ्याचं काय बंद करायचं? गिळणं तर चालूच राहणार, ते कर्मकांड नव्हेच. इथं कर्मकांड डोक्यात चालतं. ‘आहे का अजून?’ म्हणून चाचपणं. कानात गाणी लावून ते बुडवायला बघणं. पाण्याची बाटली कायम हातात ठेवणं, च्युइंगम चघळणं. ‘नीट’ गिळण्याची वेळ साधणं. रात्री दोनला मोबाइलवर ‘यातून कुणी बरं झालंय का’ हे शोधणं. आईला दिवसातून चारदा विचारणं, ‘तुला होतं का गं असं?’ रोखायचं ते हे. आणि सामोरं जायचं ते जाणिवेला: येतेस तर ये, बस.

दुसरा भाग पूर्ण यावरच. मॅडमच्या मसुद्यात याला दीड परिच्छेद होता, मी तो चार पानांचा करून मागितला. बाकी कुठंही काटकसर चालेल, इथं नाही.

५ जुलै

ताईंचं पहिलं रेकॉर्डिंग. आतल्या खोलीत कपाट उघडं टाकलं, दोन गोधड्या, माइक हनुवटीपासून वीतभर. बाहेर पावसाची भुरभुर, शेजारच्या पत्र्यावर थेंब. दुपारी अडीच ते साडेचार एवढीच शांतता मिळते. संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि तो दोन किलोमीटरवरूनही माइकमध्ये येतो. (मॅडमना ढोलाचं उदाहरण भागात घालायचा मोह झाला होता: आवाज चालू असतानाही माणूस कामं करतोच ना, वगैरे. मी नको म्हटलं. पुण्याबाहेरच्या ऐकणाऱ्याला ते सुंदर वाटेल आणि पुण्यातल्याला संताप येईल.)

ताई कसलेल्या आहेत, तोंड कोरडं पडू नये म्हणून हिरवं सफरचंद घेऊन आल्या. मचमच कमी होते त्यानं.

८ जुलै

श्वास कापायचे की ठेवायचे?

एरवी हा प्रश्नच नसतो. आवाजाच्या आलेखात दोन वाक्यांच्या मधे श्वासाचा धुरकट पट्टा दिसतो. तो निवडायचा, आठ-दहा डेसिबलनं खाली ओढायचा, पुढं जायचं. जाहिरात असेल तर पुसूनच टाकतात. मग माणूस न थांबता बोलणारा देव वाटतो.

इथं पहिल्या चार मिनिटांचे श्वास काढले आणि ऐकलं. गुळगुळीत आणि परकं. ज्याला श्वास ऐकू आला की धडकी भरते त्याच्यासाठी आपण श्वासच काढून ठेवले, म्हणजे आजाराचीच बाजू घेतली. गाणं शिकणारीला दोन्ही फायली पाठवल्या, कुठली कोणती ते न सांगता. तिचं म्हणणं, श्वासाविना आहे ती ऐकताना मी श्वासच शोधत बसले.

ठेवायचे. सगळे. खालीही ओढायचे नाहीत. ताईंचा एक आवंढा दुसऱ्या भागात सातव्या मिनिटाच्या आसपास स्पष्ट आलाय, तोही तसाच.

१२ जुलै

तिसरा भाग, श्वासाचा. इथं ‘विपश्यनेला जाऊन ये’ या सल्ल्याला टाळून पुढं जाता येणार नाही. महाराष्ट्रात कुणाचंही मन थाऱ्यावर नसलं की कुणीतरी इगतपुरीचं नाव घेतंच. दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे तीन-साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघणं. ज्याला श्वास दिसायचा थांबत नाही त्यानं तिथं जाऊन काय करावं?

मॅडमचं उत्तर सरळ नव्हतं आणि म्हणून मला पटलं. श्वास बघण्यात वाईट काही नाही. त्यांच्या उपचारातही शेवटी तेच करायला लावतात: बस, श्वासाला कळू दे, त्याला सुधारू नकोस. प्रश्न हेतूचा आहे. ‘बघत राहिलो की जाईल’ म्हणून बघितलं, तर ते चाचपणंच झालं, फक्त मांडी घालून. ‘असू दे’ म्हणून बघितलं, तर तो सराव. पण ऐन त्रासात, एकट्यानं, दहा दिवस मौनात, हे त्या कुणालाही सांगणार नाहीत. आधी उपचार करणाऱ्याशी बोलावं.

याच भागात ‘श्वास घ्यायचा विसरलो तर?’ ही भीती येते. तिचं उत्तर एकदा देतोय. श्वासाची लय मेंदूच्या देठातल्या पेशींचा एक छोटा पुंजका लावतो. तो १९९१ साली स्मिथ, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. त्याचं नाव प्री-बॉटझिंगर. शेजारच्या भागाला बॉटझिंगर म्हणतात, आणि ते नाव जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून ठेवलेलं. विज्ञानातली बरीच नावं जेवणानंतर ठेवली असावीत असा मला दाट संशय आहे. वाइन भागात येणार नाही, पुंजका येईल.

आणि सुरुवातीला लिहिलेलं ‘आरामात बसा, एक दीर्घ श्वास घ्या’ हे वाक्य उडवलं. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलेलं आहे.

१८ जुलै

स्वतः गिळतो तेव्हा कानात ‘टक’ होतं ना, ते रेकॉर्ड करून बघितलं. माइक गळ्यापासून चार बोटांवर. बोलण्याच्या पातळीला जवळपास काहीच येत नाही. पातळी खूप वर चढवली तेव्हा एक बारीक दाणा आणि मागं ओलसर घसरण. आतून मोठं वाटतं कारण तो आवाज हाडांतून पोचतो, शिवाय गिळताना घशातून मधल्या कानाकडं जाणारी नळी क्षणभर उघडते. बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

चौथ्या भागात हे वाजवून दाखवावं असं माझं म्हणणं. वर्गात गिळायची लाज वाटणारे कितीतरी जण असतात, त्यांना दिलासा.

मॅडमनी तिथंच बोट ठेवलं. दिलासा कशाला? ‘बाहेर ऐकू जात नाही’ हे कळलं की तो खूश होईल, उद्या पुन्हा वाजवून खात्री करेल, परवा मित्राला विचारेल. आपल्याला तो अशा जागी पोचायला हवाय जिथं ऐकू गेलं तरी चालेल. वाद तासभर चालला. ताई तोवर सोफ्यावर झोपून गेल्या. आवाज भागात जाणार नाही. फाइल ठेवली आहे, कचऱ्यात टाकवत नाही.

२५ जुलै

रात्रभर पाऊस, धरणातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलंय. वीज जा-ये करते आहे. काम बंद.

३० जुलै

चौथा भाग रेकॉर्ड. यात सराव आहे, त्यामुळे लेखन फार काळजीनं. बसायचं. गिळण्याकडे लक्ष मुद्दाम न्यायचं. आवंढा येईल तेव्हा येऊ द्यायचा, लांबवायचा नाही, लवकर उरकायचा नाही, नीट जमला का हे बघायचं नाही. मन म्हणेल, ‘हे कायमचं आहे.’ उत्तर: ‘असेलही.’ आणि दिवसभर आठवण करून देणाऱ्या खुणा लावायच्या. मॅडम त्यांच्याकडे येणाऱ्यांना टिकल्या वाटतात: एक मोबाइलच्या पाठीला, एक आरशावर, एक स्टीलच्या पेल्यावर. टिकली दिसली की गिळणं आठवावं, यासाठीच ती. लोक विसरण्यासाठी धडपडत असतात आणि या बाई आठवण चिकटवतात.

विसरण्याची धडपड का फसते, हे सांगायला डॅनियल वेग्नर यांचा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग घेतलाय. १९८७. विद्यार्थ्यांना पाच मिनिटं सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. आणि नंतर विचार करायची मुभा दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांना अस्वल जास्तच दिसलं. ताईंनी घंटीचं वाक्य असं काही वाचलं की मॅडम आणि मी दोघंही हसलो. ते हसू रेकॉर्डिंगमध्ये आहे, कापावं लागेल.

माझ्या मॉनिटरच्या कडेला मरून टिकली आहे. गेल्या गणपतीपासून.

६ ऑगस्ट

तिघांनी चारही भाग ऐकले.

गाणं शिकणारी म्हणते, विलंबित ख्यालात श्वास कळणं हे तिच्या गुरूंना हवंच असतं, दमसास कसा राखायचा ते त्यावरच ठरतं. तिला ते तानपुऱ्यासमोर चालतं, बसमध्ये चालत नाही. यावर काही करता येईल का विचारते. मॅडम खूश, सहाव्या भागाचा विषय म्हणाल्या. सहावा भाग ठरलेला नाही, याची मी आठवण करून दिली.

शाळेतल्या बाईंची तक्रार रास्त आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी ताई विचारतात, ‘आता कसं वाटतंय?’ बाई लिहितात, त्या प्रश्नाला मी दचकते, कारण लगेच जीभ तपासते. चारही भागांतून प्रश्न काढला. मागचं संगीतही काढलं. ते बासरीचं शांत-शांत वाजणारं होतं आणि ‘आता बरं वाटायला हवं’ असा दम देत होतं. आता भाग संपतो तिथं खोलीची नुसती शांतता तीन सेकंद, मग बंद.

मुलानं लिहिलंय, ऐकताना पापण्या पूर्ण वेळ जाणवल्या, पण ऐकणं थांबवलं नाही. मोजले का ते लिहिलेलं नाही आणि आम्ही विचारणार नाही.

१४ ऑगस्ट

पाचवा भाग घरच्यांसाठी. सगळ्यात छोटा आणि सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला. ‘लक्ष देऊ नकोस’ हे घरातलं पहिलं वाक्य असतं, प्रेमानंच म्हटलेलं आणि काडीच्या उपयोगाचं नाही. दुसरं, ‘काही नाही होत तुला,’ हे दिवसातून कितीदा द्यायचं हा प्रश्न. मॅडमनी आईच्या तोंडी दिलेलं उत्तर ठेवलं: ‘बाळा, हे मी तुला सांगितलंय. आता परत सांगणार नाही. चल, भाजी निवडायला बस.’ ताईंनी ते दोन तऱ्हांनी वाचलं. पहिल्यात आई कडक वाटली, दुसऱ्यात थकलेली. दुसरी घेतली.

घास खरोखर अडकत असेल, गिळताना दुखत असेल, वजन उतरत असेल, तर आधी घशाच्या डॉक्टरांकडे, हे ठसठशीत सांगितलंय. तपासणी एकदा करावी. तीच पुन्हा पुन्हा करू नये.

२० ऑगस्ट

औषधांचा तुकडा मॅडमच्या ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून आला. नावं आणि मात्रा द्यायच्या नाहीत. एवढंच: ओसीडीसाठी औषध नैराश्याच्या मानानं बरेचदा जास्त मात्रेत लागतं, परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, आणि पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून आपल्या मनानं बंद करू नये. मानसोपचार आणि औषध, दोन्ही बरोबरीनं चालू शकतात.

शेवटी टेली-मानसचा क्रमांक. मानसिक त्रासासाठी फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, मराठीतही बोलता येतं. ताईंनी तो ‘चौदा हजार चारशे सोळा’ असा वाचलाय. असा क्रमांक कुणी लिहून घेऊ शकणार नाही. ‘एक, चार, चार, एक, सहा’ असा तुटक हवा आणि दोनदा हवा. मॅडमच्या नियमाला हा एक अपवाद.

ताईंना उद्या अडीचला बोलावलंय. ढोल आता पाचलाच सुरू होतात. क्रमांक, पाचव्या भागातलं एक अडखळलेलं वाक्य आणि चौथ्यातल्या हसण्याच्या जागची नवी ओळ, एवढं दोन तासांत व्हायला हवं. सफरचंद मी आणतो असं सांगितलंय.